तीन मोटरी, एक झाडू आणि ओनेलिओचं नाव

मी, एरास्मो केसादा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, राहणार बारिओ ला लोमा, गाव सांता रीता, साखर कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे घडवण्याचं काम केलेला (आता कारखानाही नाही आणि ओतकामही नाही), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला हवा असेल तर बागेतल्या डॉमिनोच्या बाकावर विचारावं. काल मी सगळ्यांना हरवलं, आणि ज्यांना हरवलं ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

छातीचं यंत्र मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मला न सांगता शेजारच्या ओमाराला सांगितलं. ओमाराच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे मला संध्याकाळपर्यंत कळलं. म्हणून हा कागद. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

नोटरीबाई म्हणाल्या की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. आमच्या टेकडीवर ही मोठीच पंचाईत. कारण निम्म्या लोकांना काहीतरी मिळणार आहे आणि उरलेले निम्मे त्यामुळे रागावणार आहेत.

खरं सांगायचं तर हा कागद मी एका कलमासाठी लिहायला घेतला. माझं संगणकावर चालणारं कोरीवकामाचं यंत्र कुणाकडे जावं, आणि ते जाताना ओनेलिओ बर्मुदेसचं नाव धुऊन निघावं, एवढंच मला हवं आहे. बाकीची कलमं वाटेत येतात म्हणून.

कलम पहिलं, देहाविषयी. मला माझ्या बायकोच्या, एदेलमिराच्या शेजारी ठेवावं. पेटी साध्या लाकडाची चालेल, पण सांधे खिळ्यांचे नसावेत. खिळे मारलेल्या पेटीत मी झोपणार नाही. बायकांनी रडायचं असेल तर रडावं, कॉफी मात्र खरी द्यावी, भाजलेले वाटाणे मिसळलेली नको. आयुष्यभर तीच प्यायलो.

कलम दुसरं, घराविषयी. हे घर, त्याचं परस आणि परसातलं आंब्याचं झाड ओमारा रेइनोसोला द्यावं. तीन वर्षांपूर्वी एदेलमिरा गेली, तेव्हापासून ही बाई मला दोन वेळचं खाऊ घालते आणि चार वेळचं बोलून घेते. "एरास्मोकाका, पाय वर घ्या. एरास्मोकाका, अंगरखा बदला. एरास्मोकाका, तुम्ही माणूस आहात की लाकडाचा भुसा?" तिच्या बोलण्याचा मला एवढा सराव झाला आहे की ती गप्प बसली तर मलाच बरं वाटत नाही.

कलम तिसरं. माझी भाची युस्लेइदी अमेरिकेत, टँपात राहते. तिला एदेलमिराचं शिवणयंत्र आणि लग्नातला फोटो. युस्लेइदी, तू दर रविवारी फोन करतेस आणि म्हणतेस, "मामा, ते घर विकून इकडे ये ना." पोरी, तुझ्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. पण इथे मला निदान शिव्या तरी माझ्या भाषेत मिळतात. घर तुला दिलं नाही म्हणून रुसू नकोस. शिवणयंत्राच्या पायडलला तेल घालत जा.

कलम चौथं, हत्यारांविषयी. माझ्या पटाशा, रंधे आणि गोल धारेच्या छिन्न्या ला लोमा बारिओच्या कार्यशाळेला. अट एकच. त्या बिएनवेनिदो ओर्ताच्या ताब्यात देऊ नयेत. बिएनवेनिदो आमच्या बारिओचा अध्यक्ष आहे, भाषण चांगलं करतो, पण त्याने माझी शिडी नेली होती ती दोन पायऱ्या मोडून परत आणली आणि वर म्हणाला, "एरास्मो, ही आधीपासूनच अशी होती." शिडी मी स्वतः घडवलेली. ती आधीपासून कशी होती हे मला विचारतोस होय रे? शिडी त्यालाच द्यावी. तशीच, मोडकी.

कलम पाचवं, यंत्राविषयी. हे लांबणार आहे. ज्याला घाई असेल त्याने सरळ शेवटावर जावं.

आमच्या गावात दोन बारिओ, म्हणजे दोन वस्त्या. वर आम्ही ला लोमा, आमचं निशाण पोपट. उताराखाली एल पोसो, त्यांचं निशाण मगर. मधून एक रस्ता जातो. वर्षभर आम्ही एकमेकांच्या घरी लग्न लावतो, मीठ मागतो, बारशाला जातो. डिसेंबर लागला की रस्त्याच्या पलीकडचा माणूस वैरी. चोवीस तारखेच्या रात्री चौकात दोन्ही बारिओंचे चित्ररथ उतरतात, फटाके फुटतात आणि वर्षभर कुणी मान ताठ ठेवून चालायचं ते ठरतं. तोवर कोण काय बनवतंय हे नवरा बायकोलासुद्धा सांगत नाही. एदेलमिरा मूळची पोसोची, त्यामुळे डिसेंबरात ती मला विचारायचीही नाही. नुसती हसायची.

ओनेलिओही पोसोचा. तो कारखान्यात वीजतंत्री होता, मी साचेकार. कारखाना बंद झाला तेव्हा कचेरीतली मोठाली जुनी छपाईयंत्रं भंगारात निघाली, पूर्व जर्मनीहून आलेली, एकेक बैलाएवढ्या वजनाचं. बाकीच्यांनी लोखंड उचललं. ओनेलिओने आतल्या मोटरी काढल्या आणि कोंबडीची पिल्लं आणावीत तशा अंगरख्यात धरून माझ्या घरी आणल्या.

"एरास्मो, या साध्या मोटरी नाहीत. साधी मोटर वीज दिली की गरगर सुटते. ही पावलापावलाने चालते. एक खटका दिला, एक पाऊल. खटका नाही, तर जागच्या जागी घट्ट. पुढे म्हटलं तर पुढे, मागे म्हटलं तर मागे."

"म्हणजे माझ्यासारखी नवरेमंडळी," मी म्हणालो.

"तुझ्यासारखी नाही," स्वयंपाकघरातून एदेलमिरा म्हणाली. "ती ऐकते असं म्हणतोय तो."

मोटरीतून रंगीत तारांचा झुपका निघालेला. कुठली तार कुठल्या गुंडाळीची हे सांगणारा कागद कुणाकडे असणार? ओनेलिओने एदेलमिराला बोलावलं. दोन तारांची टोकं एकमेकांना लावली आणि तिला मोटरीचा दांडा बोटांनी फिरवायला सांगितला. "हलका फिरतोय?" "हलका." दुसऱ्या दोन लावल्या. "आता?" "अगंबाई, अडकला की!" तिने डोळे मोठे केले. "बस्स, ही जोडी," तो म्हणाला. एकाच गुंडाळीची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली की दांडा जड होतो, वीज लागत नाही, बोटं पुरतात. त्या दुपारी तीन मोटरींच्या सगळ्या जोड्या माझ्या बायकोच्या बोटांनी लावल्या आहेत. हे मी नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचं नाव येणार आहे.

मग आम्ही यंत्र बांधलं. सांगाडा शाळेच्या मोडक्या बाकांच्या नळ्यांचा. कटर फिरवायला रशियन धुलाईयंत्राची मोटर. पुढे-मागे आणि वर-खाली सरकायला आट्यांचे लांब दांडे. आडवं सरकायला मात्र दांडा पुरला नाही, म्हणून छपाईयंत्रातलाच दात्यांचा पट्टा लावला, आणि काम ज्या फळीवर बसतं ती फळी त्या पट्ट्यावर. मोटरींना खटके देणारं विजेचं मंडळ ओनेलिओने जुन्या दूरदर्शन संचांतल्या सुट्या भागांतून जोडलं. तापू नये म्हणून त्याला खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठोकल्या, त्या माझ्याच खिडकीच्या होत्या, मला न विचारता.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा मोटरी नुसत्या जागच्या जागी थरथरल्या, थंडीत भिजलेल्या कुत्र्यासारख्या. ओनेलिओ म्हणाला, "फार घाईने खटके देतोय आपण. तिला आधी हळू चालायला लाव, मग पळव." ते जमलं आणि एक गंमत कळली. खटके जसे भराभर, तसा मोटरीचा आवाज चढत जातो. ओनेलिओने आठवडाभर डोकं खाजवलं आणि एदेलमिराच्या वाढदिवसाला तीन मोटरींना एक जुना दान्सोन, जोडीने नाचायची आमची संथ चाल, गुणगुणायला लावला. कटर बंद, फळी हवेत इकडून तिकडे नाचते आहे आणि तीन मोटरी तीन सुरांत गातायत, मधला सूर किंचित उतरलेला. एदेलमिराने हात पुसले आणि मला नाचायला ओढलं. मला नाचता येत नाही. तरी नाचलो. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही, आणि तो पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

आता लाइटीचं. लाइट जाते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ओनेलिओने संगणक ट्रकच्या बॅटरीवर जोडला. मोटरींना बॅटरी पुरायची नाही. त्यामुळे लाइट गेली की मोटरी मेल्या, पण संगणक जागा. तो थांबून वाट बघायचा. काम कुठवर आलं ते त्याच्या लक्षात असायचं. लाइट आली की कळ दाबायची, काम पुढे चालू. दुसऱ्या देशातल्या कुणाला हे सुचणार नाही आणि लागणारही नाही.

पण यात एक मेख होती. कुठवर आलो हे संगणकाला माहीत. फळी खरोखर तिथेच आहे का, हे त्याला दिसत नाही. मोटर मेलेली असताना फळीला धक्का लागला तर तो त्याला कळत नाही. म्हणून ओनेलिओने फळीच्या कोपऱ्यात तांब्याचं एक नाणं ठोकून बसवलं होतं. लाइट आली की आधी कटरचं टोक त्या नाण्यावर नेऊन टेकवायचं, नीट टेकलं तर पुढे. देवळात शिरताना पाण्याला बोट लावून क्रूस काढतात तसा हा त्याचा नेम. मी चिडवायचो, "आजवर कधी चुकलं का रे?" तो म्हणायचा, "चुकलं नाही, कारण मी टेकवतो."

पोपटाचं वर्ष आता सतरा-अठरा वर्षांपूर्वीचं. चित्ररथावर बसवायचं पोपटाचं डोकं आम्ही देवदाराच्या फळीतून कोरत होतो. आदल्या दिवशी एका मोटरीला खटके देणारा भाग जळला. चोवीस तारखेची सकाळ, आणि मला ओनेलिओशिवाय दुसरं कोण? निरोप धाडला. तो भर डिसेंबरात, पोसोचा माणूस, रस्ता ओलांडून वर आला. पोपटाकडे बघायचं नाही म्हणून डोक्यावरची टोपी कपाळावर ओढून त्याने काम केलं. भाग बदलला, नाण्यावर टोक टेकवलं, मोटर चालू झाली. "निघतो," म्हणाला. "माझी मगर अजून शेपटीविना आहे." आणि गेला.

मग लाइट गेली. मी दारात बसून वाट बघितली. लाइट आली, कळ दाबली आणि रंग कालवायला गेलो. नाणं टेकवणारा माणूस खाली मगरीला शेपूट लावत होता. परत येऊन बघतो तर पोपटाची चोच तोंडाला नाही, मानेतून निघालेली. दुसरी फळी कोरायला वेळ नव्हता. आम्ही ती तशीच रंगवून रथावर चढवली, अंधारात दिसणार नाही या आशेवर. पोसोच्या लोकांनी चौकात दिवे आमच्याच रथावर रोखले आणि गाणं रचलं, की लोमाचा पोपट गळ्याने पेरू खातो. आमचा पुरता पोपट झाला. ते गाणं अजून लहान मुलं म्हणतात.

बिएनवेनिदो तेव्हा नुकताच अध्यक्ष झाला होता. चौकात बाकावर चढून ओरडला, "सकाळी पोसोचा माणूस यंत्राला हात लावून गेला! आता तुम्हीच समजा!" आणि लोक समजले.

ओनेलिओ धावत वर आला. पोपट उलटा करून, बोटांनी मोजून बघितला. "एरास्मो, नीट बघ. वर-खाली बरोबर आहे. पुढे-मागे बरोबर आहे. फक्त आडवं सरकलंय, तेही एकदम, एका झटक्यात. मोटर चुकते तेव्हा थोडं थोडं चुकत जाते. दांडा असता तर हलला नसता, पट्टा आहे म्हणून हलला. ही मोटर नाही. हा कुणाचा तरी हात आहे."

"खोलीत कुणी गेलंच नाही," मी म्हणालो. "मी दारात होतो."

"मग मीच ना?"

मी पोपट सुलटा करू लागलो. त्याने टोपी घातली आणि उतरून गेला. त्यानंतर तो टेकडी चढला नाही, मी उतरलो नाही. यंत्रावर मी चादर टाकली. एदेलमिरा दर वाढदिवसाला त्या चादरीकडे बघायची आणि मी विषय बदलायचो. तिच्या प्रेताला खांदा द्यायला मी लोमाची माणसं बोलावली. ओनेलिओ कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता, हे मला मागाहून कळलं.

ती गेल्यावर घर फार गप्प झालं, म्हणून मी चादर काढली. एकटाच चालवायचो. भुसा घोट्यापर्यंत साचायचा, कोण झाडणार? या ऑगस्टमध्ये एदेलमिराच्या कबरीवर लावायची पाटी कोरत होतो. निम्मी वेल कोरून झाली आणि लाइट गेली. खुर्चीत डोळा लागला. लाइट आली, कळ दाबली, तर उरलेली निम्मी वेल आधीच्या वेलीवर चढून बसली. आडवी सरकलेली. एका झटक्यात.

मी उठलो आणि अनवाणी पाय टेकवला. जमीन गार आणि स्वच्छ होती.

ओमाराने दारातून डोकं घातलं. "झोपला होतात म्हणून झाडून घेतलं हो, एरास्मोकाका. ते यंत्र चालू असताना कोण आत येणार? बोट जायचं. ती फळी जरा सरकवली, तिच्याखाली किती कचरा! शी!"

त्या चोवीस तारखेलाही जमीन स्वच्छ होती. रंग कालवून परत आलो तेव्हा पायाला भुसा लागला नव्हता. एदेलमिरा नेहमी लाइट गेली की झाडायची, कारण तेवढ्यातच यंत्र गप्प असायचं. फळी सरकवायची, खाली झाडू घालायची. ओनेलिओ होता तोवर नाणं टेकायचं आणि सगळं जागेवर यायचं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. मी दारात होतो, ती माझ्या बाजूने झाडू घेऊन आत गेली असणार. घरातली बाई झाडून गेली, याला 'कुणीतरी आत गेलं' असं कोण धरतं? मी धरलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही, आणि फळी हलल्याने चोच हलते हे तिला कुठून कळणार? मी पाटी मांडीवर घेऊन हसलो, आणि मग ओमाराने पाणी आणेपर्यंत रडलो.

तर, यंत्र ओनेलिओ बर्मुदेसला द्यावं. तिन्ही मोटरी, खटक्यांचं मंडळ, संगणक, बॅटरी आणि नाण्यासकट फळी. बिएनवेनिदो म्हणेल की यंत्र बारिओचं, लाकूड बारिओने दिलं होतं. लाकूड दिलं होतं, ते पोपटात गेलं. पोपट घ्या.

कलम सहावं, पोपटाविषयी. तो कोंबड्यांच्या खुराड्यावर छपराला लावलेला आहे. तो काढून, मी गेल्यावर येणाऱ्या पहिल्या चोवीस तारखेला, ला लोमाच्या रथापुढे मिरवावा, आणि बारिओच्या अध्यक्षाने चौकात कलम पाचवं मोठ्याने वाचून दाखवावं. ओनेलिओचं नाव जिथे मळलं तिथेच धुवावं. हे न केल्यास माझ्या पटाशा पोसोला मिळतील.

कलम सातवं, झाडूविषयी. एदेलमिराचा झाडू खिळ्याला आहे, तो ओमाराला. एदेलमिराच्या नावाने कुणी बोटं मोडली तर त्या माणसाला माझ्या अंत्यविधीची कॉफी देऊ नये. स्वच्छ जमिनीसाठी बायकोला दोष देणाऱ्याने आपल्या घरची जमीन आधी दाखवावी.

पुढचा मजकूर सतरा डिसेंबरला लिहीत आहे. वरचं लिहून पाच-सहा दिवस झाले, साक्षीदार मिळत नव्हते, आणि मध्ये घडलं ते असं.

ओमाराच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वर लिहिलं आहेच. काल सकाळी दारात टोपी दिसली. टोपीखाली सगळे केस पांढरे.

"काय रे," ओनेलिओ म्हणाला, "ऐकलं की मला वारसा मिळणार आहे."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. पाच कलमं तोंडपाठ म्हणून दाखवली. झाडूचंही सांगितलं." तो आत आला, यंत्रापाशी उभा राहिला आणि नाण्यावर बोट ठेवलं. "मला फाटकाबाहेर उभं राहिल्याचं एवढं वाटलं नाही," मग म्हणाला, "पण ती मेली तोवर मी तुझ्याशी भांडलेला होतो. याचं वाटलं."

मी म्हणालो, "मला तुझी फार आठवण यायची." एवढंच सुचलं. अठरा वर्षं तयारी करूनही.

"कागदातलं माझं नाव काढ."

"का?"

"लेका, तू मेल्यावर हे यंत्र घेऊन मी करू काय? मोटर अडकली तर शिव्या कुणाला घालू? द्यायचं तर आत्ता दे. नाहीतर नको मला."

तेवढ्यात दारात बिएनवेनिदो. डिसेंबरात पोसोचा माणूस टेकडीवर, आणि अध्यक्षाला बातमी लागणार नाही? धापा टाकत आला. "एरास्मो! पुन्हा तेच? हा इथे काय करतोय?"

लाइट गेलेलीच होती. ती जाण्याची वाट आमच्याकडे फार वेळ बघावी लागत नाही. मी पेन्सिलने फळीच्या कडेला आणि खालच्या नळीवर एक सरळ रेघ मारली आणि एदेलमिराचा झाडू खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"झाड. यंत्राखालचं."

"मी?"

"झाड म्हणतोय ना म्हातारा," ओनेलिओ म्हणाला. "अध्यक्ष झालास म्हणून वाकता येत नाही का?"

बिएनवेनिदो आयुष्यात पहिल्यांदा झाडू धरत होता. वाकला, पोट फळीला लागलं, फळी गुपचूप सरकली. त्याला कळलंही नाही. उठून म्हणाला, "झालं. आता?" मी रेघेकडे बोट दाखवलं. वरची रेघ एकीकडे, खालची दुसरीकडे, मध्ये चोचीएवढं अंतर.

त्याने रेघा बघितल्या, झाडू बघितला, स्वतःचं पोट बघितलं. माणूस शिडी मोडतो, पण मूर्ख नाही. टोपी काढली. "मग मी त्या वर्षी चौकात जे बोललो ते..."

"ते चौकातच परत घे," मी म्हणालो.

"माझ्या मरणाची वाट कशाला बघायची," असंही म्हणालो, कारण ते ओनेलिओकडून नुकतंच शिकलो होतो. "येत्या चोवीसला."

"पोपटासकट?" त्याने विचारलं.

"पोपटासकट."

तो सुस्कारा टाकून म्हणाला, "पोसोवाले मरेपर्यंत हसतील." पण हो म्हणाला.

म्हणून कलम पाचव्यातली देणगी आणि कलम सहावं मी रद्द करीत आहे. यंत्र आता माझ्या मालमत्तेत नाही. ते काल दुपारी, भर उजेडात, हातगाडीवरून ला लोमाचा उतार उतरून एल पोसोत गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दारात आले. बिएनवेनिदो म्हणाला होता की शत्रूच्या गाडीला मी हात लावणार नाही. उतार लागला आणि गाडी पळू लागली, तेव्हा मागून त्यानेच धरून ठेवली.

निघण्यापूर्वी ओनेलिओने आडव्या मोटरीच्या तारा मंडळातून सोडवल्या, ज्या जोड्या एदेलमिराच्या बोटांनी शोधल्या होत्या त्यांची टोकं जोडीजोडीने एकमेकांना पिळून बांधली, आणि फळी हाताने ढकलून बघितली. जड झाली होती. "आता रस्त्यात कुणी झाडू घेऊन आलं तरी चिंता नाही," तो म्हणाला.

काल संध्याकाळी मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. खाली पोसोत लाइट आली. थोड्या वेळाने वाऱ्यावर ऐकू आलं, आधी एक मोटर, मग दुसरी, मग तिसरी. दान्सोन. मधला सूर अजूनही तसाच किंचित उतरलेला. ओमारा झाडू टाकून दारात आली, मी तिला नाचायला ओढलं, आणि मला अजूनही नाचता येत नाही.

बाकी कलमं कायम. शिडीचं कलमही कायम, पण साक्षीदाराला काही मिळता कामा नये, म्हणून मोडकी शिडी बिएनवेनिदोऐवजी बारिओला. त्याचं फारसं नुकसान झालेलं नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं, ओमाराने वाचून पाहिलं (तिला अडवता आलं नाही), ते माझ्या इच्छेप्रमाणे बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही करीत आहे.

ठिकाण: बारिओ ला लोमा, सांता रीता
दिनांक: १७ डिसेंबर २०२३

(सही) एरास्मो केसादा

साक्षीदार पहिला: (सही) बिएनवेनिदो ओर्ता, अध्यक्ष, बारिओ ला लोमा.

साक्षीदार दुसरा: (सही) ओनेलिओ बर्मुदेस, बारिओ एल पोसो. या कागदाने याला काहीही मिळत नाही. त्याचं जे होतं ते तो कालच घेऊन गेला.